कोच म्हणतोय रविवारपर्यंत हो सांगा

मी मुलांशी आणि पालकांशी बोलून घरातल्या गाठी सोडवते, आणि डॅलसच्या आसपास जी मराठी घरं आहेत त्यांच्याकडून एक प्रश्न हल्ली मला सारखा येतो. थोडाफार असा: "ताई, मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या फुटबॉल टीममधे आहे, एका कॉलेजचा कोच म्हणतोय आठवड्याभरात कमिट कर नाहीतर जागा जाईल, वर इन्स्टाग्रामवर कोणीतरी ब्रँड डीलचं बोलतंय, आम्हाला यातलं ओ का ठो कळत नाही, काय करू?"

भारतातून वाचणाऱ्यांसाठी सांगते, हा हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो फुटबॉल. टेक्सासमधे त्याचं काय प्रस्थ आहे ते बघायचं तर ॲलन गावातलं स्टेडियम बघा, 2012 साली उघडलं, 6 कोटी डॉलर खर्च आणि 18,000 माणसं बसतील एवढं, आणि हे हायस्कूलचं स्टेडियम आहे हां. अशा वातावरणात वाढलेल्या पोराला "अरे खेळ काय, अभ्यास कर" म्हणून भागत नाही.

एका घराची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतलीय, नाव-गाव आणि काही तपशील बदललेत. मुलाला ओंकार म्हणू. लहानपणापासून सॉकर खेळायचा, नववीत शाळेच्या फुटबॉल कोचला किकर, म्हणजे पायाने बॉल मारून गुण मिळवून देणारा, हवा होता, याचा पाय बघितला आणि घेतला. अकरावीपर्यंत पोरगा 45 यार्डांवरून बॉल आरामात मारायला लागला. बाबा सांगलीकडचे, आयटीत. आई पण नोकरी करते आणि रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते. 2025 च्या मार्चमधे आईचा फोन आला, "ताई, घरात तीन दिवस कोणी कोणाशी बोललेलं नाहीये."

पहिल्या भेटीत बाबांनी लॅपटॉपच उघडला. एक्सेल शीट. कॉलेजचं नाव, रँकिंग, फी, घरापासून अंतर, कॉम्प्युटर सायन्स आहे का, किकर किती, सगळे कॉलम, रंग भरलेले. ओंकार बाजूला बसून एक पाय हलवत होता, शीटकडे बघतसुद्धा नव्हता. मग आईने फोनवर ते पोस्टर दाखवलं, म्हणजे कॉलेजवाले पाठवतात ते, ओंकारच्या फोटोला त्यांची जर्सी चढवलेली, मागे धूर आणि लाइट्स, वर मोठ्या अक्षरात ऑफर. हे त्याने एक्सवर टाकलेलं, खाली पाचशेच्या वर लाइक्स, सांगलीच्या आत्याने पण "अभिनंदन बाळा" लिहिलेलं. मी फोन हातात घेऊन फोटो मोठा केला तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तीन अक्षरं होती, पी डब्ल्यू ओ. प्रिफर्ड वॉक-ऑन. टीममधे जागा आहे पण स्कॉलरशिप नाही, फी पूर्ण आपली. बाबांच्या शीटमधे त्या कॉलेजपुढे फीच्या कॉलमात शून्य होतं.

बाबांचा चेहरा उतरला. ओंकारला मात्र हे आधीपासून माहीत होतं, त्याने सांगितलं नव्हतं इतकंच.

आता थोडं नियमांचं बोलते, कारण बऱ्याच घरांत भांडण होतं ते माहिती अर्धवट असल्यामुळे. अकरावीत दिलेली ऑफर तोंडीच असते. फुटबॉलमधे कॉलेजला लेखी स्कॉलरशिप ऑफर देता येते ती बारावीच्या वर्षाच्या 1 ऑगस्टपासून, आणि सही होते डिसेंबरच्या सायनिंग पिरियडमधे किंवा त्यानंतर फेब्रुवारीपासून. त्याआधी मुलगा "कमिट" झाला म्हणजे नुसती बोलणी झालीत, याद्या झालेल्या नाहीत. मुलगाही फिरू शकतो आणि कॉलेजही. आणि दोघंही फिरतात, रोज. त्यात त्या वसंतात एक वेगळंच टेन्शन होतं, कॉलेजांवरच्या एका मोठ्या खटल्याची तडजोड कोर्टापुढे होती, हाउस सेटलमेंट म्हणतात ती, जूनमधे मंजूर झाली, त्यात फुटबॉल टीमला 105 खेळाडूंची मर्यादा आली. आधी वॉक-ऑन धरून बऱ्याच टीम 120 च्या वर जायच्या. म्हणजे कुऱ्हाड पहिली कोणावर पडणार तर वॉक-ऑनवर. ओंकारला आठवड्याची मुदत देणाऱ्या कोचला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर बाबा म्हणाले, "झालं तर मग, नाही म्हणायचं." आणि ओंकार उठून बाहेर गेला.

मी त्याला पुढच्या वेळी एकट्याला बोलावलं. मला खरं तर हेच जाणून घ्यायचं होतं की नुसती जागा आहे, पैसे नाहीत, हमी नाही, हे माहीत असून हा पोरगा हो म्हणायला एवढा उतावीळ का. मला वाटलेलं जर्सीचं वेड असेल, मित्रांपुढे मिरवायचं असेल. तसं थोडं होतंच. पण बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "मला बास झालंय ताई. रोज कोणीतरी मला मोजतं." मग एकेक बाहेर यायला लागलं. किकिंग कॅम्पला जायचं, तिथे स्टार देतात, चार की साडेचार. प्रत्येक किक किती सेकंद हवेत राहिली ते लिहितात. प्रत्येक किकचा व्हिडिओ टाकायचा, कोणता कोच फॉलो करतो ते बघायचं, कोणी अनफॉलो केलं तर का केलं. आणि घरी गाडीत बसल्यावर बाबा, "आज दोन चुकले, वारा होता का?" बाबा प्रेमानेच विचारायचे हो, त्यांना दुसरं काय विचारायचं ते सुचत नव्हतं. पण पोराच्या डोक्यात हिशोब साधा होता, एकदा कमिट केलं की हे सगळं थांबेल.

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. अकरावीतली मुलं लवकर कमिट करतात तेव्हा आपण मोठी माणसं ऑफरकडे बघत बसतो, चांगली का वाईट, किती पैसे, कुठलं कॉलेज. पोरगा बऱ्याचदा ऑफर निवडतच नसतो, तो थकलेला असतो आणि त्याला त्यातून सुटायचं असतं. त्याला तुम्ही कितीही आकडे दाखवा, तो ऐकणार नाही, कारण आकड्यांनीच तर त्याला दमवलंय. आधी दम खाऊ द्यायला लागतो, मग तो स्वतःच प्रश्न विचारायला लागतो.

म्हणून मी बाबांना एकच काम दिलं, शाळेच्या मैदानापासून घरापर्यंतच्या गाडीत फुटबॉल हा विषय बंद. एक्सेल पण बंद, निदान त्या महिन्यापुरती. बाबांना ते फार जड गेलं, आईने नंतर सांगितलं की पहिले काही दिवस गाडीत दोघं नुसते रेडिओ ऐकत यायचे.

आणि ओंकारला म्हणलं कोचला तूच ईमेल लिही, आई-बाबा नाही. मला दोन आठवडे हवेत. आणि माझे काही प्रश्न आहेत: सध्या तुमच्याकडे किकर किती, त्यांची किती वर्षं उरलीत, 105 ची मर्यादा आली तर माझी जागा धरलीय का, स्कॉलरशिप मिळालेला शेवटचा वॉक-ऑन किकर कधी होता. पोराने ईमेल लिहायला एक पूर्ण संध्याकाळ घेतली, "रिस्पेक्टफुली" हा शब्द तीनदा घातला. कोचचा लेखी रिप्लाय आलाच नाही. फोन आला, गोड बोलला, "आम्ही तुझी काळजी घेऊ" म्हणाला, प्रश्नांना बगल दिली. आणि पुढच्या आठवड्यात त्या जागेवर दुसऱ्या एका मुलाचं पोस्टर आलं.

ओंकार खूप रडला. आईने मला जरा रागातच फोन केला, तिचंही बरोबर होतं.

पैशाचा भाग राहिलाय, आणि या घरात खरी गाठ तिथेच होती. 1 जुलै 2021 पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे घेता येतात, एनआयएल म्हणतात. तेव्हापासून आकडे ऐकून घरोघरी डोकी फिरलीत. इथल्याच साउथलेकचा खेळाडू क्विन यूअर्स शाळेतलं बारावीचं वर्ष सोडून ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला गेला, कारण टेक्सासमधे शाळेत असताना असे पैसे घेता येत नाहीत, खेळायची पात्रता जाते. नवीन कायद्याने 2025 पासून 17 पूर्ण झालेल्या मुलाला कॉलेजशी करार करता येतो, पण पैसा हातात येतो तो कॉलेजमधे दाखल झाल्यावरच. बाबा लोक मला अशी नावं सांगतात. मी त्यांना जेडन रशाडाचं सांगते. कॅलिफोर्नियातला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, टीममधला सगळ्यात भाव असलेला खेळाडू, 2022 मधे फ्लोरिडा युनिव्हर्सिटीला जायचं ठरलं, सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलरच्या डीलची बातमी देशभर झाली, डीलच मोडली, पोरगा फ्लोरिडाला एकही मॅच न खेळता ॲरिझोना स्टेटला गेला आणि 2024 मधे प्रकरण कोर्टात गेलं. त्याच वर्षी लास वेगासच्या युनिव्हर्सिटीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका टीम जिंकत असताना मधेच सोडून गेला, त्याच्या बाजूचं म्हणणं की 1 लाख डॉलर तोंडी कबूल केलेले, युनिव्हर्सिटी म्हणते असं काही ठरलंच नव्हतं. ही क्वार्टरबॅक लोकांची गत, किकरला तर एवढं कोणी विचारतही नाही.

पण ओंकारला इन्स्टाग्रामवर एका "मार्केटिंग एजंट"चा मेसेज होता, सोबत करार, पुढच्या सगळ्या कमाईतला वीस टक्के हिस्सा. बाबा त्यावर काही न बोलता फक्त "नाही" म्हणाले होते, आणि ओंकारने त्याचा अर्थ काढलेला की बाबांना माझा खेळच आवडत नाही.

खरं कारण बाबांनी मला दाराशी, निघताना, हळू आवाजात सांगितलं. मुलगा तीन वर्षांचा असताना पुण्याहून आणलाय. घर अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. म्हणजे ओंकार एच-फोर वर, बायको-मुलांना मिळतो त्या व्हिसावर, त्याला इथे काम करून पैसे कमवायची मुभाच नाही, आणि 21 चा झाला की त्या व्हिसावरूनही बाहेर. उद्या एखाद्या दुकानाची जाहिरात केली, पैसे घेतले, तर स्टेटस धोक्यात येऊ शकतं. मी विचारलं, "हे त्याला माहितीय?" म्हणाले, "कशाला सांगायचं मॅडम, त्याला टेन्शन येईल."

सतरा वर्षांचा मुलगा, स्वतःला पक्का टेक्सन समजणारा. त्याला हे आई-बाबांनी माझ्यासमोर बसून सांगितलं. तो चिडला, पैशावरून नाही, "माझ्या सगळ्या मित्रांना नोकऱ्या आहेत, मी समरमधे लाइफगार्डचा फॉर्म मागितला तेव्हा तुम्ही अभ्यासाचं कारण दिलं" यावरून. आई रडायला लागली. मी मधे पडले नाही. बऱ्याच वेळाने त्याने बाबांना विचारलं, "म्हणजे तुम्ही नाही म्हणालात ते यासाठी?" बाबांनी मान हलवली. त्यानंतर त्या घरात एजंटचा विषय निघालाच नाही.

व्हिसावाल्या घरांनी हे नीट ऐका. कॉलेजची स्कॉलरशिप घेणं वेगळं आणि जाहिरातीचे पैसे घेणं वेगळं. 2025 च्या जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागलीत, तो तिसराच प्रकार. पर्ड्यू युनिव्हर्सिटीचा झॅक ईडी बास्केटबॉलमधे देशातला सगळ्यात चांगला खेळाडू ठरला तरी कॅनडाचा, स्टुडंट व्हिसावर, म्हणून बाकीच्यांसारखे पैसे त्याला सहज घेता आले नाहीत. तेव्हा कोच काय म्हणतो, एजंट काय म्हणतो यावर जाऊ नका, इमिग्रेशन वकिलाकडे एक तास घालवा. तो तास महाग असतो, पण घालवा.

ओंकारचं पुढे असं झालं की उन्हाळ्यात तो दोनच कॅम्पला गेला, स्वतः निवडलेल्या. ऑगस्टनंतर एका छोट्या, खालच्या विभागातल्या कॉलेजने अर्धी स्कॉलरशिप लेखी दिली. तिथे जाऊन आल्यावर मी त्याला विचारलं, पहिल्याच वर्षी पाय मोडला आणि खेळ बंद झाला तरी तिथेच राहशील का? म्हणाला, "हो, तिथली लॅब भारी आहे, आणि जेवण बरंय." डिसेंबरमधे सही केली. ज्या मुलाने ती पहिली जागा घेतली तोही तिथे मजेत आहे असं ऐकलं, तेव्हा आमचंच बरोबर आणि त्याचं चूक असं काही नाही. मोठ्या स्टेडियमचं वाईट ओंकारला अजून वाटतं, मॅच टीव्हीवर लागली की उठून जातो म्हणे. बाबांची एक्सेल परत उघडलीय, आता त्यात मेस आणि हॉस्टेलचे कॉलम आहेत.

आणि ते इन्स्टाग्रामवरचे करार. बऱ्याच जणी मला स्क्रीनशॉट पाठवून विचारतात सही करू का. फ्लोरिडाच्या जर्वॉन डेक्स्टरने कॉलेजात असताना 2022 मधे 4,36,485 डॉलर घेऊन सही केली होती, बदल्यात एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या कमाईचे 15 टक्के, 25 वर्षं, आणि मग त्यालाच कोर्टात जायला लागलं. कमाईचा हिस्सा, वर्षांची संख्या आणि करार मोडायचा कसा, या तीन ओळी आधी शोधा. मुलगा अठराचा नसेल तर सही तुमची लागणार, तेव्हा "उद्यापर्यंत" म्हणणाऱ्याला खुशाल परवा उत्तर द्या. आणि ते स्क्रीनशॉट मला नका पाठवू गं, मला कायद्यातलं कळत नाही, वकिलाला पाठवा. पोरगा जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीतून बाहेर येत नसेल तर मला फोन करा.