हॅम्बुर्गातला तो भलामोठा पाय कुणाचा?

प्रश्न : माझा मुलगा बोटीवर आहे. मागे बोट जर्मनीत हॅम्बुर्गला लागली होती तेव्हा त्याने एक फोटो पाठवला, फुटबॉल स्टेडियमच्या बाहेर नुसतं एक पाऊल, माणूस नाही काही नाही, आणि एवढं मोठं की मुलगा त्याच्यापुढे बालवाडीतला वाटतोय. आमची ही म्हणाली कुठल्या देवाचं असेल, नमस्कार करून ये. हे नक्की कुणाचं पाऊल? — एक वाचक, हर्णै

उत्तर : वहिनींचं फार काही चुकलं नाही हो, हॅम्बुर्गची माणसं पण जवळपास नमस्कारच करतात त्याला. तो पाय उवे झेलरचा, जर्मनीचा जुना नामी फुटबॉलवाला. उजवा, ब्राँझमध्ये ओतलेला, वजन चार टनांच्या आसपास, 2005 मध्ये बसवला. आणि ज्याचा हा पाय तो माणूस उंचीला साडेपाच फुटांच्या जरासाच वर, अंगाने दणकट, गोल, लांबून बघितलं तर स्ट्रायकर कमी आणि तांडेल जास्त वाटेल असा. पण उडी अशी मारायचा की त्याच्यापेक्षा वीतभर उंच डिफेंडर खाली बघत राहायचे आणि हा हेडर मारून मोकळा. खरं तर पायाच्या जागी डोकंच ओतायला हवं होतं, पण असो, आपल्याला कोण विचारतंय.

जन्म 5 नोव्हेंबर 1936, हॅम्बुर्गातच. बाप एर्विन बंदरावर कामाला, मालाची चढउतार करणारा, आणि तोही फुटबॉलवाला, आधी कामगारांच्या क्लबात खेळला, मग क्लब बदलत बदलत एचएसव्हीत, म्हणजे हॅम्बुर्गच्या मोठ्या क्लबात आला. म्हणजे बापाने क्लब बदलले आणि पोराने आयुष्यभर एकच धरून ठेवला. थोरला भाऊ डीटर पण त्याच क्लबात. उवे लढाई संपल्या संपल्या 1946 मध्ये एचएसव्हीच्या पोरांच्या टीममध्ये शिरला तो थेट 1972 मध्ये बूट काढले तोपर्यंत तिथेच.

तुमच्या मुलाला एक सांगा, हॅम्बुर्ग समुद्रावर नाही, एल्बे नदीत शंभरेक किलोमीटर आत आहे, आपलं दाभोळ जसं वाशिष्ठीच्या तोंडावर आहे तसं पण नाही, बोट बरीच आत शिरते. तिकडच्या किनाऱ्याची बोली वेगळी, प्लाट म्हणतात, पुस्तकातल्या जर्मनपेक्षा बरीच निराळी, आणि त्या बोलीत लोकांनी त्याला नाव ठेवलं 'उन्स उवे'. याचं मराठी 'आमचा उवे' असं केलं की मजा जाते. मालवणीत म्हणा, 'आमचो उवे'. आता लागलं ना बरोबर?

आकडे हवेत तर घ्या. लीगच्या 476 मॅचमध्ये 404 गोल. 1963 ला बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची टॉपची लीग, सुरू झाली तिच्या पहिल्याच सीझनला 30 गोल मारून टॉपला हाच. त्याच्या आधी 1960 ला कोलोनला 3-2 हरवून एचएसव्ही जर्मनीचा चॅम्पियन, त्यातले दोन याचे. 1963 च्या जर्मन कपच्या फायनलला डॉर्टमुंडला 3-0, तिन्ही याचे. देशासाठी 72 मॅच, 43 गोल. आणि 1958, 62, 66, 70 असे चार वर्ल्डकप खेळला नि चारही वर्ल्डकपमध्ये गोल मारले. 70 पर्यंत हे जमलेलं दोघांनाच, पेले आणि हा. पण वर्ल्डकप मात्र एकदाही हातात आला नाही. 1966 ला फायनलला कॅप्टन होता, वेम्बली, इंग्लंडकडून एक्स्ट्रा टाइमला 4-2. मान खाली घालून मैदानावरून चाललेला त्याचा एक फोटो आहे, जर्मनीत तो फोटो माहीत नाही असा माणूस शोधावा लागेल.

खरं तर 66 ला तो खेळला हेच नवल. 1965 च्या फेब्रुवारीत फ्रँकफर्टच्या मॅचमध्ये टाचेच्या वरची मोठी शीर, अकिलीस, तुटली. त्या काळात ही शीर तुटली की माणूस संपला, गावाकडे परत. ऑपरेशन झालं, खास बूट करून घेतला आणि सप्टेंबरमध्ये स्टॉकहोमला स्वीडनविरुद्ध थेट क्वालिफायरला उतरला, सात महिन्यांनी! जर्मनीचा जिंकायचा 2-1 वाला गोल त्यानेच मारला. तिकडून वर्ल्डकपचा रस्ता मोकळा झाला.

माझा आवडता गोल मात्र 1970 चा, मेक्सिकोतलं लिऑन, परत इंग्लंड. इंग्लंड 2-0 पुढे, बेकेनबाउअरने एक फेडला, आणि मग सामना संपायला आठेक मिनिटं असताना बॉल हवेतून आला तेव्हा झेलरची पाठ गोलकडे, वळायला वेळच नाही, तर गड्याने उलटीच उडी घेतली आणि टकलाच्या मागच्या बाजूने बॉल गोलकीपरच्या डोक्यावरून आत. मुद्दाम मारला की लागला यावर आमच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात. मी मुद्दामवाल्यांच्या बाजूचा. एक्स्ट्रा टाइमला जर्मनीच्या म्युलरने तिसरा घातला आणि हिशेब फिटला.

प्रश्न : माझा मुलगा गावच्या टीमचा स्ट्रायकर आहे, आता गोव्यातून एका क्लबने बोलावलंय. गावातले म्हणतात एका क्लबाशी इमान राखणारे मोठे झाले, तो जर्मनीतला बघ पैसे लाथाडून घरी राहिला. खरं आहे का? — एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : तो जर्मनीतला म्हणजे आपला उवे झेलरच, आणि लाथाडले हे खरं. 1961 मध्ये इटलीच्या इंटर मिलानचा कोच हेलेनिओ हेरेरा स्वतः हॅम्बुर्गला आला, आणि रक्कम चढत चढत दहा लाख मार्कांच्या घरात गेली. जर्मनीत तेव्हा धड प्रोफेशनल लीगच नव्हती, खेळाडूला क्लबकडून महिन्याला काही शे मार्क मिळायचे, पगारावर वरून मर्यादाच घातलेली. म्हणजे इकडे चिंगळं आणि तिकडे अख्खा सुरमईचा ढीग. आणि हा नको म्हणाला.

पण गावातले अर्धीच गोष्ट सांगतायत. उवेला बाजूला नोकरी होती, एडिडासचा उत्तर जर्मनीचा एजंट, आठवडाभर गाडी घेऊन दुकानादुकानात बूट विकत फिरायचा आणि मग मॅच खेळायचा. नुकतं लग्न झालेलं, आईबाप, भाऊ, मित्र सगळे तिथेच. आणि मुख्य म्हणजे त्याची गावची टीम म्हणजे जर्मनीची चॅम्पियन होती! त्याच 1961 ला युरोपियन कपच्या सेमीफायनलला बार्सिलोनाच्या तोंडचं पाणी पळवलं होतं त्यांनी, घरच्या मॅचला 2-0 पुढे असताना अगदी शेवटी बार्सिलोनाच्या कोचिशने गोल मारला, दोन मॅचची बेरीज सारखी झाली म्हणून ब्रुसेल्सला तिसरी मॅच खेळावी लागली आणि तिथे 1-0 ने गेले. उवेला चांगलं खेळायला गाव सोडायची गरजच नव्हती. हातातली नोकरी, घर आणि टॉपचा क्लब, तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर मी पण इमान राखेन हो.

तुमच्या पोराच्या टीमला वर्षाला दोन टुर्नामेंट, त्यातली एक पावसात वाहून जाते, सराव भरती-ओहोटी बघून पुळणीवर. त्याला उवेचं उदाहरण देऊन अडवू नका. जाऊ द्या गोव्याला, सुट्टीत येऊन गावच्या टीममधून खेळेल की. आणि गेलाच नाही तर त्याला आधी पोटापाण्याचं काहीतरी बघून द्या, उवेसारखं.

इमानाचा दुसरा भाग कोणी सांगत नाही तो पण ऐका. क्लबने त्याला 1995 ला अध्यक्ष केलं, ते काही जमलं नाही, 1998 ला सोडलं. 2018 ला एचएसव्ही इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलीगातून खाली गेला. 21 जुलै 2022 ला उवे वारला तेव्हाही क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्येच होता. 2025 ला वर आला, ते काही त्याला बघायला मिळालं नाही.

प्रश्न : उवे झेलरला एका क्लबचा म्हणता, मग त्याच्या नावापुढे आयर्लंडच्या कॉर्क सेल्टिकची एक मॅच का दिसते? — एक वाचक, मालवण

उत्तर : पकडलंत! 1978 चा एप्रिल, रिटायर होऊन सहा वर्षं झालेली, वय 41, एडिडासच्या कामाचा भाग म्हणून हा आयर्लंडला गेला, याला वाटलं दोस्तीतली मॅच आहे, चार लोक जमतील, फोटो निघतील. निघाली अधिकृत लीग मॅच, शॅमरॉक रोव्हर्सविरुद्ध. कॉर्कवाले 6-2 ने हरले. ते दोन गोल कुणाचे हे वेगळं सांगायला नको.