आधी टीप मारून बघ

पोरी,

काल रात्री साडेअकराला तुझे फोटो आले. शिवणाच्या पाच जुन्या मशिनींचे तेवीस. सोनेरी वेलबुट्टी, पितळी बिल्ला, नंबराची पट्टी, बिडाच्या स्टँडची जाळी, सगळं टिपलंयस. खाली लिहिलंयस, "काकू, पुण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकच नेता येईल. कोणती नेऊ? बाकीच्या विकून टाकू का? आई म्हणते सगळं भंगार आहे. मला काही सुचत नाहीये." मी चष्मा लावून सगळे फोटो दोनदा बघितले. एकाही फोटोत कापड नाही. एकाही फोटोत टीप नाही!

फोन केला असता तर मी चिडून बोलले असते, आणि तू आधीच रडकुंडीला आलेली. म्हणून पत्र.

बिल्ल्याचं आधी सांगते, कारण तू त्यातच अडकलीस. बुधवारच्या बाजारात घाटावर ज्यानं तुला ती हात मशीन दिली, तो म्हणाला १८५१ सालची आहे. बिल्ल्यावर १८५१ आहे, खरंय. त्याच्याच शेजारी १९५१ पण आहे, तेही वाच की. आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं १८५१ मध्ये, आणि त्याला शंभर वर्षं होत आली तेव्हा हा निळ्या काठाचा बिल्ला मशिनींवर लागला. म्हणजे तुझी मशीन माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी, बस. पंधरा हा सिंगरच्या मॉडेलचा नंबर, आणि त्याच्या पुढचा 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला. नंबराच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून नेमकं सालही काढता येतं, ते तू चुटकीसरशी काढशील. काढ. पण त्यावरून कोणती न्यायची हे ठरवू नकोस. मी पंधरा वर्षं साल बघून मशिनी घेतल्या आणि त्यातल्या निम्म्या पस्तावून दिल्या.

आधी टीप. विकत घ्यायची असेल तरी आधी टीप, विकायची असेल तरी आधी टीप, आणि भंगारात द्यायची असेल तर आधी दहा टिपा. पिशवीत कायम मांजरपाटाचा तुकडा, दोन रिळं आणि सुयांची पुडी ठेव, हे मी तुला मागच्या दिवाळीत सांगितलं होतं. ठेवलीस?

पुन्हा सांगते. मांजरपाट दुहेरी घे. वर लाल दोरा, खालच्या बॉबिनमध्ये पांढरा. सोळा नंबरची कोरी सुई लाव, जुनी जी काय बसवलेली असेल ती काढून टाक. सुईची चपटी बाजू कुठे, हे प्रत्येक वेळी मला फोन करून विचारतेस. सुईला एका अंगानं वरपासून खालपर्यंत लांब खाच असते. दोऱ्याची शेवटची कडी ज्या बाजूला, ती खाच त्या बाजूला, आणि त्याच बाजूनं दोरा ओवायचा. चपटा भाग आपोआप त्याच्या विरुद्ध बाजूला जातो. ओवताना कापड दाबून धरणारी पट्टी वर हवी, कारण दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या तेव्हाच सुट्या असतात. मग पट्टी खाली, आणि वीतभर टीप.

आता कापड उलटं कर. वरून सगळ्याच मशिनींची टीप बरी दिसते. खाली लाल दोऱ्याची वेटोळी दिसली की लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळायला धावतात. त्याला हात लावायचा नाही! गुंता खाली दिसतो, पण खोट वरच्या दोऱ्याची असते. एक तर चकत्यांत जुन्या दोऱ्याचा कापूस अडकलेला असतो, नाहीतर पट्टी खाली ठेवून दोरा ओवलेला असतो. सुती कापडाची दुमडलेली कड चकत्यांतून फिरव, पुन्हा ओव, पुन्हा टीप मार. वरच्या बाजूला पांढरे ठिपके डोकावत असतील तर वरचं टेन्शन जरा सैल कर. खाली लाल ठिपके दिसत असतील तर घट्ट कर. टाके गाळत असेल तर बहुतेकदा सुई वाकलेली असते किंवा पूर्ण वर चढलेली नसते. दोन्ही दोऱ्यांचा पीळ कापडाच्या दोन पदरांच्या मधोमध बसला, वर नुसता लाल आणि खाली नुसता पांढरा राहिला, की मग मला त्या उलट्या बाजूचा फोटो पाठव. तो बघून मी तुला सांगू शकेन. वेलबुट्टीवरून मी काय सांगणार?

एवढी हट्टाला का पेटते, ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

आमचा वाडा जुन्या नाशकात, भद्रकालीजवळ. आईची मशीन काळी, हाताची, खालचा दोरा नेणाऱ्या होडीसारख्या शटलची, लांब सडपातळ बॉबिनची. आम्हा तिघी बहिणींचे परकर, पोलकी, पुढे नातवंडांची झबली-टोपडी, सगळी तिच्यावर. आई गेली आणि पुढच्या जानेवारीत वाडा रिकामा करायचा होता. माझ्याकडे तेव्हा नवी मोटारची झिगझॅग मशीन आलेली, त्यामुळे मी फार शहाणी झाले होते. आईच्या मशीनचं चाक फिरवायला गेले, तर जाम. तसूभर हलेना. प्लेटवर गंज. दारात भंगारवाला उभाच होता. त्यानं ती किलोच्या भावानं तोलून नेली. त्या पैशांचं काय केलं तेही आठवत नाही.

पुढे किती तरी वर्षांनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींना हे सांगत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तेल कोणतं घालायच्या?" आई खोबरेल घालायची. देव्हाऱ्याशेजारी बाटली असायची, तिच्यातलंच. ते हसले नाहीत, नुसती मान हलवली. खोबरेल पंचवीस अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं, आणि नाशिकची जानेवारी तुला माहीत आहे. त्यात वर्षानुवर्षांचं जुनं तेल, त्यात दोऱ्यांची धूळ. "ताई, दुपारभर उन्हात ठेवायची, रॉकेलचे चार थेंब सोडायचे, दोन दिवस थांबायचं. फिरली असती."

फिरली असती. हे दोन शब्द मी तीस वर्षं ऐकतेय. मी एक टीप मारून बघितली नाही. मारता आली नसती, पण मारायचा प्रयत्न केला असता तर निदान कुणाला तरी विचारलं असतं ना, का फिरत नाही म्हणून! गंज बघितला आणि निकाल दिला. म्हणून तुझ्या तोंडून "विकून टाकू का" ऐकलं की माझ्या पोटात कालवतं.

दुसरी चूक छोटी, पण ती तुझ्या हातून होण्याच्या बेतात आहे म्हणून सांगते. तुझ्या लांब बॉबिनच्या मशीनवर सोनेरी स्फिंक्स आहेत. पुसायला स्पिरिट आणलंस असं लिहिलंयस. ते आजच्या आज बाजूला ठेव. त्या सोनेरी नक्षीवर लाखेचं पातळ कवच असतं आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. माझ्या एका मशीनवरचा चेहरा कापसाच्या बोळ्यावर उतरून आला होता, पूर्ण. मशीनचंच तेल मऊ कापडावर घे आणि त्यानं पूस, वेळ लागेल.

आता कॉलेज रोडवरचा तो कॅफेवाला. त्याला तुझ्या आजीच्या उषा मशीनचं स्टँड हवंय, वर काच टाकून टेबल करायला, आणि तू विचारतेस द्यावं का, कारण "तशीही बंद आहे". का बंद आहे? पट्टा तुटलाय म्हणून. अगं, पट्टा! मेन रोडवर शिवणाच्या सामानाच्या दुकानात चामडी पट्टा आण, चाकावरून घे, बोटभर जास्तीचा काप, तारेच्या आकड्यानं जोड. ताणून सैल झाला की परत थोडा काप. एवढं केल्यावर पायडल मारून टीप बघ आणि मग मला सांग टेबल करायचंय. आपल्या देशात मशीन बनते हेच नवल होतं तेव्हा, १९३० च्या दशकात, कोलकात्यात उषा सुरू झाली. आणि ही घरगुती काळी मशीन पंधरा नंबरच्याच वळणाची, म्हणून सुई, गोल बॉबिन, शटल आजही मिळतं. तिच्यात बंद पडण्यासारखं फारसं काही नाहीच.

आईला भंगार म्हणू दे. तिच्याशी वाद घालू नकोस. मी पहिली जुनी मशीन घरी आणली तेव्हा सगळं घर विरोधात होतं. सासरे एकटे बाजूनं उभे राहिले. खादी वापरणारे, रोज सूत काढणारे. म्हणाले, यंत्रांविरुद्ध एवढं लिहिणाऱ्या गांधीजींनीही १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केला होता, राहू दे. आणि लगेच विचारलं, "चालते का?" मी त्यांचा बाहीत उसवलेला सदरा त्याच संध्याकाळी तिच्यावर शिवून दिला. पुन्हा घरात कुणी काही बोललं नाही. तू तुझ्या आईचं काय शिवलंस आजवर या पाच मशिनींवर? उशीचा अभ्रा तरी?

तू मनात म्हणत असशील, काकूंच्या खिडकीखाली ती एक आहे, तिच्यावर कुठे टीप पडते. हो, नाही पडत. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीच्या पुरात घाटावरचा दुतोंड्या मारुती बुडाला, सराफ बाजारापर्यंत पाणी आलं, तेव्हा घाटाकडच्या एका शिंप्यानं ती गाळासकट रस्त्यावर काढून ठेवली होती. मी रिक्षात घालून आणली. पहिल्या वर्षी चाक अजिबात हललं नाही. मग पाव फिरलं. आता जवळजवळ अर्धं फिरतं, आणि तिथे काहीतरी अडतं, शटलच्या मागे. दर रविवारी मी दोन थेंब सोडते. सूनबाईला वाटतं मी हट्टानं ठेवलीय. तसं नाहीये. जी मशीन मी टीप मारून बघितली नाही तिला बंद कसं म्हणू? आईच्या वेळी म्हटलं होतं. पुन्हा म्हणणार नाही, मग घरात जागा असो नसो.

पण तुझं वेगळं आहे. तुझ्या चार तर फिरतात! रविवारी सुट्टी आहे ना तुला? बाकी काही ठरवू नकोस. एकाच मांजरपाटावर चारही मशिनींच्या वीतभर टिपा शेजारी शेजारी मार, पेन्सिलीनं खाली नाव लिही, उलट्या बाजूचा फोटो पाठव. पाचवी, ती सोनेरी रंग मारलेली, जाम आहे ती, माझ्याकडे आणून दे. रंगवणाऱ्यानं तेलाची भोकंसुद्धा रंगानं बुजवलीत, ती टाचणीनं मोकळी करायला मला महिना लागेल. ज्या पुण्याला जाणार नाहीत त्या माझ्या मागच्या खोलीत राहतील, भाडं म्हणून दर महिन्याला येऊन प्रत्येकीवर टीप मारायची.

येताना सोनेरीची बॉबिन केस काढून रुमालात बांधून पर्समध्ये ठेव. मागच्या वेळी हात मशीनची रिक्षात पडली होती आणि आपण शालिमारपर्यंत परत गेलो होतो.

तुझी
काकू