तज्ज्ञ डॉक्टरांचा नंबर लागता लागत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या हातापायांचे सांधे सुजलेत, गावातल्या डॉक्टरांनी पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांना दाखवायला सांगितलंय, पण पंधरा दिवस फोन लावूनही नंबर मिळत नाही. लागला तर 'दोन महिने फुल्ल आहे' एवढंच ऐकायला येतं. असं का होतं आणि लवकर नंबर मिळण्यासाठी काय करता येईल?

बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट. वडिलांना ताप असेल आणि एखादाच सांधा अचानक लाल, गरम होऊन हातही लावू देत नसेल, तर कुठल्याही अपॉइंटमेंटची वाट बघू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. आजच्या आज जवळच्या मोठ्या रुग्णालयात कॅज्युअल्टीला न्या, गाडीची सोय नसेल तर १०८ला फोन करा. तसं काही नसेल तर पुढचं निवांत वाचा.

मी बार्शी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०२३च्या उन्हाळ्यात माझ्या आईला भाकरी थापता येईना. सुरुवातीला ती काही बोललीच नाही, पीठ मळून ठेवायची आणि वहिनीला हाक मारायची. मग एका सकाळी बघितलं तर लुगड्याच्या निऱ्या घालायला तिला अर्धा तास लागत होता. दोन्ही हातांची बोटं मुळापाशी सुजलेली, मूठ वळत नव्हती. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं की आठ दिवस ती नाचायची, नवव्या दिवशी पुन्हा तेच. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड असायचं, हे फार उशिरा कळलं. सूज तेवढ्यापुरती दबते आणि आजार आत आपलं काम करत राहतो. वडिलांना अशी इंजेक्शनं किंवा नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्या चालू असतील, तर तज्ज्ञांना ते पहिल्याच भेटीत सांगा, लपवू नका.

शेवटी बार्शीतल्या एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज किती आहे ते दाखवणाऱ्या), आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी (आमवात ओळखायला मदत करणाऱ्या) या रक्ताच्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पण उशीर करू नका, पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. एकदा सांधा झिजून वाकडा झाला की औषधानं तो सरळ होत नाही."

उशीर करू नका. हे शब्द डोक्यात घेऊन मी पुण्याला फोन लावायला लागले.

त्या दवाखान्यात नाव नोंदवायची वेळ सकाळी दहा ते बारा. तेव्हा माझी शाळा भरलेली असते. परिपाठ, हजेरी, चाळीस पोरं समोर. वर्गात फोन लावणं मला जमणारं नव्हतं, ते बरोबरही नव्हतं. मग मधल्या सुट्टीत लावायचा, तर तोवर बारा वाजून गेलेले. ज्या दिवशी रजा काढली, त्या दिवशी दोन तासांत त्रेपन्न वेळा लावला. प्रत्येक वेळी एंगेज. ॲपवर बघितलं तर पुढचे सगळे दिवस राखाडी. पुण्यात शिकणाऱ्या भाच्याला प्रत्यक्ष पाठवलं, तर त्याला सांगितलं, "नाव फोनवरच घेतो." तो बाहेर पायरीवर बसून आतल्या माणसांना फोन लावत होता आणि त्याला आतली घंटी ऐकू येत होती. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात रडले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन लागला. तारीख मिळाली २९ ऑगस्ट. आई म्हणाली, "अगं, मिळाली ना तारीख, मग झालं तर." मी तिच्या बोटांकडे बघत होते.

आता तुमच्या 'का'कडे येते. संधिवाततज्ज्ञ मुळात थोडे आहेत आणि जे आहेत ते बहुतेक मोठ्या शहरांत. एकच डॉक्टर दोन-तीन ठिकाणी बसतात, त्यामुळे एका दवाखान्याच्या वाट्याला आठवड्यातले एक-दोन दिवसच येतात. पण खरी मेख वेगळीच आहे, ती मला तिथल्या बाकावर बसून कळली. हे आजार आयुष्यभराचे. आज जो नवा पेशंट आहे तो दर दोन-तीन महिन्यांनी परत येणार, रक्त तपासून, गोळीचा डोस बघून घ्यायला. समजा दिवसाला चाळीस जण बघून होतात, त्यातले तीस जुनेच असले तर नव्यांना राहिल्या दहा जागा. नव्या माणसाला वेळही जास्त लागतो, सगळे सांधे दाबून बघायचे, जुनी फाइल चाळायची. म्हणजे डॉक्टर जितके चांगले, जितके पेशंट टिकून राहणारे, तितकं नव्या माणसाला दार अरुंद. त्यात लोक तीन ठिकाणी नंबर लावून ठेवतात आणि एक लागला की बाकीचे दोन रद्द करत नाहीत. ही सवय मला मनापासून चुकीची वाटते. आपण न गेलेली ती जागा कुणाच्या तरी आईची होती.

आणि काउंटरवरच्या मॅडम. त्यांच्यावर मी फार चिडले होते. प्रत्यक्ष गेल्यावर त्यांच्यासमोर पाच तास बसले. दोन फोन एकाच वेळी वाजताहेत, समोर दहा माणसं, त्यात कुणाला पावती हवी, कुणाला रिपोर्ट, कंपनीचे प्रतिनिधी बॅगा घेऊन उभे, आणि मधूनच वॉर्डातून डॉक्टरांना बोलावणं. त्यांच्या वहीत फक्त नाव आणि मोबाइल नंबर असतो. कुणाची बोटं वाकायला लागलीत आणि कुणाचा गुडघा वयानं दुखतोय, हे त्या वहीत कुठंच नाही. त्या तरी कसं ठरवणार? ओळखीची माणसं मात्र मधूनच थेट आत जात होती, आणि ते मला आजही खुपतं.

मला वाट सापडली ती बार्शीच्या फिजिशियनमुळे. २९ ऑगस्टची तारीख ऐकून ते गप्प झाले. मग स्वतःच्या लेटरहेडवर अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहिली. वय, किती महिन्यांपासून त्रास, दोन्ही हातांचे कुठले सांधे सुजलेत, सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो, सीआरपी किती, अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, आतापर्यंत काय औषध दिलं, आणि शेवटी 'सांधे खराब होण्याआधी लवकर बघावे ही विनंती'. भाच्यानं ती चिठ्ठी आणि रिपोर्टचे फोटो दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवले, मग स्वतः जाऊन मॅडमना एवढंच म्हणाला, "ताई, आधी नंबर द्या म्हणत नाही. सरांना सवड मिळेल तेव्हा हे एकदा दाखवा, ते म्हणतील ते चालेल." तिसऱ्या दिवशी फोन आला, गुरुवारी १३ जुलैला घेऊन या.

तुम्हीही हेच करा. फोनवर 'वडिलांचे सांधे फार दुखतात' म्हटलं की पलीकडे ते दिवसातलं पन्नासावं वाक्य असतं. त्याऐवजी सांगा की तीन महिन्यांपासून दोन्ही मनगटं आणि बोटं सुजलीत, सकाळी तासभर मूठ वळत नाही, रिपोर्ट अमुक आलाय आणि आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे. अर्थात जे खरं आहे तेवढंच. वाढवून सांगितलं तर आत गेल्यावर दोन मिनिटांत कळतं आणि पुढच्या खऱ्या माणसाच्या चिठ्ठीवरचा विश्वास जातो. गावातल्या डॉक्टरांकडे चिठ्ठी मागायला संकोच करू नका, ते त्यांच्या कामातच मोडतं. शक्य असेल तर त्यांनाच तज्ज्ञांशी फोनवर बोलायची विनंती करा. पूर्वी कुठं ॲडमिट केलं असेल आणि कागद हरवले असतील तर त्या रुग्णालयाकडे लेखी मागा. डॉक्टरांसाठी २००२मध्ये जे आचारनियम झाले, त्यांत मागितल्यापासून ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यावीत असं आहे. कागद अपुरे असले की पहिली भेट तपासण्या लिहून देण्यातच जाते आणि पुन्हा नंबर लावण्याची वेळ येते.

मिळालेली लांबची तारीख सोडू नका. ती हातात ठेवा आणि विचारा, कुणी रद्द केलं तर आमचं नाव घ्याल का? आदल्या दिवशी दुपारी चार-साडेचारच्या सुमारास फोन केला तर उद्याच्या गळालेल्या जागा कळतात आणि तेव्हा फोन लागतोही. फक्त निरोप आला की निघायची तयारी हवी. आम्ही बुधवारी रात्रीच पिशवी भरली आणि पहाटेच्या एसटीनं कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत हडपसरला उतरलो. त्याच वर्षी मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्याचं आईला फार अप्रूप. वेळ साडेअकराची होती, आत गेलो सव्वाचारला. डबा, पाणी, चालू गोळ्या आणि तारखेप्रमाणे लावलेली फाइल जवळ ठेवा. वडिलांना एवढा वेळ बसवत नसेल तर मॅडमना आधीच सांगा, साधारण कितवा नंबर चालू आहे ते फोनवर कळवतात.

दरम्यान हातावर हात ठेवून बसू नका. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन ओपीडीत फोन लावायची भानगड नाही, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा. रांग मोठी असते, पण त्याच दिवशी डॉक्टर भेटतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत आता भिंतीवरचा क्यूआर मोबाइलनं स्कॅन केला की टोकन मिळतं, त्यासाठी १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) आधी काढून ठेवा, केसपेपरच्या रांगेतला वेळ वाचतो. मुंबईला जाणं जमत असेल तर केईएममध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे. आणि घरून निघणंच अवघड असेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर सरकारी डॉक्टरांशी मोबाइलवर मोफत बोलता येतं, गावच्या आरोग्य उपकेंद्रातूनही ती सोय आहे. तिथं संधिवाततज्ज्ञच भेटतील अशी आशा धरू नका, पण कुठल्या तपासण्या आधी करून घ्यायच्या एवढं नक्की विचारता येईल.

आमवाताचं मुख्य औषध पुष्कळदा फिजिशियनही सुरू करतात. त्यांनी मेथोट्रेक्सेट लिहिलं तर एक लक्षात ठेवा, या आजारात ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल करून ठेवलाय.

त्या दिवशी डॉक्टरांनी आईला पंचवीस मिनिटं दिली. एकेक बोट हातात घेऊन बघितलं. बाहेर आल्यावर पुढची तारीख काउंटरवरच घेतली, आणि हे तुम्हीही विसरू नका, घरी जाऊन फोन करू म्हणालात तर पुन्हा तेच चक्र. तरी ऑक्टोबरच्या भेटीला गेलो तेव्हा डॉक्टर परिषदेला गेले होते आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. सत्तर वर्षांची बाई पहाटे चारला उठून आलेली, आणि दारावर पाटी. तेव्हापासून आदल्या दिवशी फोन करून 'उद्या सर नक्की आहेत ना?' विचारल्याशिवाय मी आईला एसटीत बसवत नाही. एक मेसेज टाकला असता तर आमचे दोन दिवस वाचले असते, हे मी तिथं लेखी देऊन आले. पुढच्या वेळेपासून मेसेज येतो.

आईची दोन बोटं थोडी वाकडी राहिली. बाकीची मूठ वळते, भाकरी ती पुन्हा थापते.

तुमच्या वडिलांचा सीआरपी आणि अँटी-सीसीपी किती आला, आणि सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो, हे कमेंटमध्ये लिहा. चिठ्ठीत काय काय यायला हवं त्याचा कच्चा मजकूर मी लिहून देते, तो तुमच्या डॉक्टरांना दाखवा. संध्याकाळी त्यांचा दवाखाना उघडा असेल तर आजच जाऊन या.