शांघायच्या परदेशी व्यापाऱ्यांनी कम्युनिस्ट प्रचाराला उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता का?

हो, केला होता, पण अंगाशी आला. 30 मे 1925 ला नानकिंग रोडवर ब्रिटिश इन्स्पेक्टरच्या हुकमावरून पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली, मग संप, बहिष्कार, पत्रकं सगळं सुरू झालं. शहरातल्या परदेशी वसाहतीचा कारभार बघणारी म्युनिसिपल कौन्सिल परदेशी धंदेवाल्यांच्याच हातात, त्यांनी चळवळीविरुद्ध ‘छंगयेन’ नावाचं चिनी पत्रक काढलं आणि जुलैत ते ‘शेनबाओ’ या मोठ्या पेपरात जाहिरात म्हणून छापून आणलं, तर विद्यार्थी इतके भडकले की पेपरलाच जाहीर माफी मागावी लागली!

माझ्या मते चूक मुळातच होती. राग फक्त कम्युनिस्टांचा नव्हता, दुकानदारही संपात होते. चिनी लोक टॅक्स भरायचे, पण कौन्सिलवर त्यांना जागा मिळाल्या थेट 1928 ला.