देशभर पक्ष्यांची विणीच्या हंगामातली गणना सुरू करायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय, अशी गणना पुढची वीस-तीस वर्षं चालावी यासाठी पहिलं काम कोणतं? माझं उत्तर: जागा आपण निवडायच्या नाहीत. सोडतीने काढायच्या.

मी नागपूरचा, हौशी पक्षीनिरीक्षक. कित्येक वर्षं दर रविवारी अंबाझरी नाहीतर गोरेवाडा तलाव. वह्या भरल्या, पण त्यातून एवढंच कळतं की जिथे पक्षी असतात तिथेच मी जातो. ब्रिटनमध्येही हेच झालं. तिथली १९६२ पासूनची गणना स्वयंसेवकांनी स्वतः निवडलेल्या जागांवर चालायची, त्यामुळे आग्नेय इंग्लंडचं पारडं जड झालं. म्हणून १९९४ पासून एक किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी सोडतीने काढून नवी गणना सुरू केली. जुनी मात्र लगेच बंद केली नाही. २०००पर्यंत दोन्ही सोबत चालवल्या, म्हणजे जुने-नवे आकडे जोडता आले. आपल्याकडे नवीन काही आलं की जुनं आधी रद्दीत जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

आम्ही चार मित्रांनी नकाशावर चौकटी आखून चिठ्ठ्या काढल्या. मला आली कळमेश्वरकडची: कपाशी, वीटभट्टी, दोन बाभळी. पहिल्या सकाळी धुऱ्यावर एक काका भेटले.

"काय पाहून राहिले जी?"
"पक्षी मोजून राहिलो."
"मंग पैसे भेटते का?"
नाही म्हटल्यावर त्यांनी चहा पाजला. त्या दिवशी टिटवीची जोडी, वेडे राघू, तारेवर एक नीलपंख. बाकी रिकामंच. पण ते रिकामेपणही लिहायचं असतं; उद्या तिथे घरांचा लेआउट पडला तर तुलना त्याच्याशीच होणार.

पद्धत ब्रिटनची घ्या: चौकटीतून एकेक किलोमीटरच्या दोन वाटा, प्रत्येकीचे २०० मीटरचे तुकडे, आणि पक्षी २५ मीटरच्या आत, १०० मीटरच्या आत की त्यापलीकडे याची नोंद. घरटी शोधत फिरू नका, विणीत त्रास होतो.

वेळापत्रक मात्र तिकडचं उचलू नका. तिकडे एप्रिल ते जूनमध्ये दोन फेऱ्या होतात. आपल्याकडे टिटवी, तांबट उन्हाळ्यात वीण करतात. सुगरण पाऊस पडल्यावरच विणायला बसते. चातक आणि नवरंगही पावसाळ्याचेच. विदर्भात एक फेरी मार्चअखेर, दुसरी जुलैअखेर ठेवावी असं मला वाटतं. केरळ, लडाखची वेळ तिथल्या लोकांनीच ठरवावी. मे महिन्यात आमच्याकडे आठ वाजताच सगळं चिडीचूप होतं, तेव्हा मोजून 'पक्षी कमी झाले' म्हणणं हा उन्हाचा अहवाल झाला.

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचे 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'चे अहवाल आहेतच की, असं कुणी म्हणेल. ते मोलाचे आहेत. नीलपंखाच्या घटीकडे २०२३च्या अहवालानेच लक्ष वेधलं, नाहीतर दसऱ्याला त्याचं दर्शन घेण्यापलीकडे आपण त्याची काय चौकशी करतो? पण त्यामागच्या बहुतेक नोंदी लोक आपल्या मर्जीने जातात तिथल्या. ठरलेल्या चौकटी त्याला जोड हव्यात.

पहिली दोन वर्षं एकाच जिल्ह्यात करून बघा. आणि याद्या गोळा करायला, फोन करून आठवण द्यायला एक पगारी माणूस नेमा. आमचा उपक्रम तिसऱ्या वर्षी लंगडला तो इथेच. चौघांपैकी दोघांच्या याद्या अजून त्यांच्या खिशातच आहेत.

जुलैच्या फेरीला गमबूट घाला. काळी माती एकेका पायाला किलोभर चिकटते, आणि मग लक्ष पक्ष्यांकडे राहत नाही.