मेडिकल सायन्सेसची पदवी : विषय ठीक आहेत, क्रम बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : मेडिकल सायन्सेसची तीन वर्षांची, सहा सेमिस्टरची पदवी सुरू करताय. बरेचसे विषय आपले आपण निवडता येतात. पुढे डॉक्टर व्हायचं की संशोधनात जायचं, हे ठरलेलं नाही. तुम्ही केलेल्या आराखड्यात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरात काय करतात त्याचा अभ्यास, दुसऱ्या सेमिस्टरला आहे, कारण ते 'इंटरेस्टिंग वाटतं', आणि स्टॅटिस्टिक्स थेट सहाव्याला, कारण गणिताची भीती वाटते. हे चालेल का?

नाही चालणार. मी हीच पदवी घेतली आणि नेमकी हीच चूक केली होती, म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहिते.

आधी एक गोष्ट, तुम्हाला माहीत असेलच, तरी. या पदवीने तुम्ही डॉक्टर होत नाही. रुग्ण तपासायचा परवाना देणारं शिक्षण वेगळं. ही पदवी म्हणजे औषधोपचाराच्या मागचं विज्ञान. घरच्यांना हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर तिसऱ्या वर्षी 'मग दवाखाना कधी?' या प्रश्नाला उत्तर देत बसावं लागतं.

आता फार्माकॉलॉजी. मी ते फिजिऑलॉजीच्या (शरीराचं काम कसं चालतं, त्या विषयाच्या) आधी घेतलं आणि अख्खं सेमिस्टर याद्या पाठ करण्यात घालवलं. प्रोप्रानोलॉल हे औषध घ्या. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात बीटा ब्लॉकर औषधं विकसित केली, त्यातलं हे. १९८८च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला, त्यात या कामाचा मोठा भाग होता. माझ्या वहीत तेव्हा काय होतं? 'नाडीचा वेग कमी करते. दमा असल्यास टाळावे.' एकमेकांशी काही संबंध नसलेल्या दोन ओळी, घोकंपट्टीला सोडून दिलेल्या. पुढच्या वर्षी फिजिऑलॉजीत कळलं की ॲड्रिनलिन हृदयातल्या बीटा-१ रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेवर, बसलं की ठोके वाढतात आणि श्वासनलिकांच्या भिंतीतल्या बीटा-२वर बसलं की नलिका सैल होतात. प्रोप्रानोलॉल दोन्ही अडवतं. म्हणजे हृदय शांत होतं आणि त्याच गोळीने दमेकऱ्याच्या नलिका आवळू शकतात. दोन ओळींची एकच गोष्ट झाली. परीक्षेतले गुण मात्र तोवर गेले होते.

म्हणून फिजिऑलॉजी आधी, फार्माकॉलॉजी मागून. आणि फिजिऑलॉजीच्याही आधी, किंवा निदान सोबत, बायोकेमिस्ट्री. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढवणारं प्रथिन; त्याला मिळणाऱ्या पदार्थाचं प्रमाण बदललं तर क्रियेचा वेग कसा बदलतो, हे सांगणारं, मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली मांडलेलं समीकरण समजलं नसेल तर फार्माकॉलॉजीतले निम्मे आलेख नुसती चित्रं वाटतात.

ॲनाटॉमीची भीती सगळे घालतात. २०६ हाडं, लॅटिन नावं, वगैरे. ती पाठ करायचीच असतात, त्याला इलाज नाही. पण जे नुसती नावं पाठ करतात त्यांना हा विषय सहा महिन्यांत सोडून जातो, आणि जे वाटा लक्षात ठेवतात त्यांच्याकडे राहतो. स्वरयंत्राकडे जाणारी एक नर्व्ह डाव्या बाजूला मानेतून सरळ स्वरयंत्रात शिरत नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर येते. हा वळसा एकदा स्वतःच्या हाताने कागदावर काढलात, की छातीतल्या गाठीमुळे माणसाचा आवाज का बसू शकतो, हे कुणी सांगावं लागत नाही. मी वहीत लिहिणं बंद करून चित्रं काढायला लागले तेव्हा कुठे ॲनाटॉमी जमायला लागली. चित्रं भयाण होती. त्याने काही बिघडत नाही.

आता स्टॅटिस्टिक्स, तुमचा नावडता. ते सहाव्या सेमिस्टरला ठेवणं म्हणजे घर बांधून झाल्यावर ओळंबा विकत घेणं. दुसऱ्याच सेमिस्टरला घ्या. त्यातलं गणित बेरीज-गुणाकार-भागाकाराच्या फार पुढे जात नाही, अवघड असतो तो विचार. एक उदाहरण कागदावर करून बघा. समजा एका आजाराची चाचणी आहे. आजार असलेल्या १०० पैकी ९० जणांत ती पॉझिटिव्ह येते, आजार नसलेल्या १०० पैकी ९० जणांत निगेटिव्ह. आजार १०० मध्ये एकाला आहे. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तुम्हाला आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. मीही म्हणाले होते, भर वर्गात. आता १,००० माणसं घ्या. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले ९९ उगाचच पॉझिटिव्ह. एकूण १०८ पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी ९. म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. हे एकदा डोक्यात शिरलं की पॅथॉलॉजी (आजारात शरीरात काय बिघडतं, तो विषय), मायक्रोबायॉलॉजी, कुठलाही शोधनिबंध, सगळं वेगळ्या नजरेने वाचलं जातं. म्हणूनच ते लवकर हवं.

आकडेमोडीने शरीर कळतं, हे काही आजचं नाही. विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त फिरतं असं मांडलं, त्यातला एक मोठा मुद्दा साध्या गुणाकाराचा होता. आजचे आकडे घेऊन तुम्हीही करू शकता : ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तच तेवढं असतं. शरीर दर मिनिटाला ५ लिटर नवं रक्त बनवत असेल, हे शक्य नाही. मग तेच रक्त फिरून येत असणार.

तेव्हा माझ्या मते क्रम असा ठेवा. पहिल्या सेमिस्टरला पेशी, बायोकेमिस्ट्री आणि ॲनाटॉमीची सुरुवात. दुसऱ्याला फिजिऑलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स. तिसऱ्याला उरलेली फिजिऑलॉजी, जेनेटिक्स, मायक्रोबायॉलॉजी. चौथ्याला इम्युनॉलॉजी (रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास) आणि पॅथॉलॉजी जोडीने, कारण सूज म्हणजे काय हे दोन्हीकडे शिकवतात आणि एकाच्या अभ्यासात दुसऱ्याचा उरकतो. फार्माकॉलॉजी चौथ्याला किंवा पाचव्याला. न्यूरोसायन्स पाचव्याला. सहावं जवळजवळ मोकळं, प्रोजेक्टसाठी.

डॉक्टर की संशोधन, हे दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत ठरवू नका. फक्त दोन्ही दारं उघडी ठेवा. म्हणजे, पुढे ज्या वैद्यकीय महाविद्यालयांत जावंसं वाटेल त्यांची प्रवेशाची माहिती आत्ताच काढा आणि पदवीत कोणते विषय लागतात ते बघा. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल काही ठिकाणी लागतं, आणि ते राहून गेल्याचं लोकांना शेवटच्या वर्षी कळतं. मला स्वतःला डॉक्टर व्हायचं होतं. सुट्टीत एका डॉक्टरांच्या परवानगीने त्यांच्या मागे तीन दुपारी बसले. घरी आल्यावर मी काय सांगत होते? रक्ताच्या स्लाइडवर काय दिसलं ते. तिन्ही दिवस. माणसांबद्दल एक शब्द नाही. तुम्हीही असं बसून बघा आणि घरी काय सांगता तिकडे लक्ष ठेवा.

हाताच्या कामाबद्दल एक किस्सा, कारण तुमच्या आराखड्यात लॅबचा उल्लेखच नाही. शेवटच्या प्रोजेक्टमध्ये मी प्रथिनांचं प्रमाण मोजत होते. एकाच नमुन्याचे तीन आकडे तीन दिशांना. रसायन खराब असेल, मशीन बिघडलं असेल, असे तीन आठवडे गेले. शेवटी तिथल्या टेक्निशियनबाई म्हणाल्या, तराजूवर भांडं ठेव आणि १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाक. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन ०.१ ग्रॅम यायला हवं. माझं कधी ०.११, कधी ०.१३. पिपेटचं, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या उपकरणाचं, बटण दाबताना अंगठा दोनदा अडतो : पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा, दुसरा थांबा फक्त शेवटचा थेंब बाहेर टाकायला. मी द्रव घेतानाच दुसऱ्यापर्यंत दाबत होते. तीन आठवड्यांचे आकडे कचऱ्यात गेले. वर प्रत्येक नमुना किती वेळा मोजायचा हेही आधी ठरवलं नव्हतं, कारण स्टॅटिस्टिक्स त्याच सेमिस्टरला चालू होतं आणि तो धडा अजून यायचा होता!

तेव्हा पहिल्याच वर्षी कुणाच्या तरी लॅबमध्ये आठवड्याला दोन-तीन तास मागून घ्या, भांडी धुवायची मिळाली तरी. आणि प्रोजेक्टसाठी गाइड निवडताना त्यांची कीर्ती विचारू नका, 'रोज माझ्या शेजारी उभं राहून कोण शिकवेल?' हे विचारा. एखादं नाव लगेच आलं तर त्या माणसाला जाऊन भेटा. नाव आठवायला वेळ लागला तर दुसरी लॅब बघा.