खाली दुकाने, वर घरे : बदलापूरच्या नव्या संकुलांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे बदलापूरची आहेत, म्हणून हे सदर या वेळी त्याच एका शहरासाठी राखून ठेवले आहे. कुळगाव आणि बदलापूर ही दोन गावे मिळून झालेल्या या नगरपरिषदेच्या हद्दीत चाळी आणि तीन-चार मजली इमारतींच्या शेजारी आता तळाला दुकानांचे गाळे, त्यावर वाहनतळाचा पोडियम आणि त्यावर सदनिकांचे मनोरे अशी संकुले उभी राहत आहेत. रोज तास-दीड तास लोकलमध्ये उभ्याने प्रवास करून साठवलेली पुंजी लोक या घरांत घालतात. म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आम्ही एका मोठ्या संकुलात सदनिका घेतली. माहितीपत्रकात क्लब हाउस, तरण तलाव, बाजारपेठ आणि दवाखाना दाखवला होता. आमच्या इमारतीचा ताबा मिळाला, परंतु बाकी सर्व ‘पुढच्या टप्प्यात’ येईल असे आता सांगितले जाते. महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणी असूनही असे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, आणि त्याचे मूळ नोंदणीच्या रचनेतच आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार प्रकल्प टप्प्याटप्प्याने बांधायचा असेल तर प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प समजला जातो आणि त्याची नोंदणीही स्वतंत्र होते. त्यामुळे माहितीपत्रकावर एकच भव्य नाव असले, तरी महारेराच्या संकेतस्थळावर त्या नावाखाली चार-पाच नोंदणी क्रमांक आढळतात आणि प्रत्येकाची पूर्णत्वाची तारीख वेगळी असते. आपण ज्या क्रमांकाखाली घर घेतले, त्याच क्रमांकाच्या नोंदणीत क्लब हाउस दाखवले आहे की पाच वर्षांनी पूर्ण होणाऱ्या शेवटच्या टप्प्यात, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे असते. माझ्या अनुभवात घर घेणाऱ्या दहांपैकी नऊ कुटुंबांनी ते पाहिलेले नसते, आणि त्यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण विक्री कार्यालयातील प्रतिकृतीमध्ये टप्प्यांच्या सीमारेषा कोणी आखून दाखवत नाही.

आता काय करता येईल ते पाहू. आपल्या नोंदणीकृत करारनाम्याची शेवटची परिशिष्टे काढा. सुविधा केव्हा आणि कोणत्या स्वरूपात मिळतील, हे तेथे लिहिलेले असल्यास तीच तारीख विकासकाला बांधील आहे. करारनाम्यात काही नसले तरी अधिनियमाचे कलम १२ आपल्या बाजूने आहे : जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते. म्हणून माहितीपत्रक, जाहिरातीची कात्रणे आणि विक्री प्रतिनिधीने मोबाइलवर पाठवलेले संदेश जपून ठेवा. त्याचबरोबर कलम १४ लक्षात घ्या. मंजूर आराखड्यात बदल करून क्लब हाउसच्या जागी आणखी एक मनोरा किंवा गाळ्यांची रांग आणायची असेल, तर विकासकाला सोडून उरलेल्या सदनिकाधारकांपैकी किमान दोन तृतीयांश जणांची लेखी संमती लागते. अशी संमती करारनाम्यातील एखाद्या सरसकट कलमाने आधीच घेऊन टाकलेली असते. ते कलम दाखवून कोणी आपल्याला गप्प करू लागल्यास वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय मागे हटू नका.

आणखी एक गोष्ट या प्रश्नाला जोडूनच सांगतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अशा संकुलात इमारत त्या-त्या सोसायटीच्या नावे होते, परंतु खालची सर्व जमीन सगळ्या सोसायट्यांच्या मिळून होणाऱ्या शिखर संस्थेच्या नावे व्हायची असते. शेवटचा टप्पा रेंगाळला की जमिनीचे अभिहस्तांतरणही (मालकी हक्काचे हस्तांतरही) रेंगाळते आणि क्लब हाउसइतकीच ही जमीनही ‘पुढच्या टप्प्यात’ अडकून राहते. त्यासाठी आपल्या इमारतीची सोसायटी आताच स्थापन करून घ्या.

प्रश्न : सदनिकेच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम करारनाम्याच्या नोंदणीपूर्वीच भरण्याचा आग्रह होत आहे. भरावी का?

उत्तर : भरू नये. कलम १३ नुसार विक्री करारनामा नोंदणीकृत होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. जी रक्कम द्याल ती महारेराच्या नोंदणीत दाखवलेल्या प्रकल्पाच्या खात्यातच जमा करा. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक प्रकल्पासाठी तीन बँक खाती ठेवण्याची पद्धत लागू झाली असून, ग्राहकाचे सर्व पैसे आधी पहिल्या खात्यात येतात आणि तेथून सत्तर टक्के रक्कम केवळ बांधकाम व जमिनीच्या खर्चासाठी बाजूला जाते. विकासकाच्या दुसऱ्याच एखाद्या संस्थेच्या नावाने धनादेश मागितला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. आपण वस्तू व सेवा कराविषयीही विचारले आहे : बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के, तर साठ चौरस मीटरपर्यंत कार्पेट क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असलेल्या घरावर एक टक्का कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नाही.

प्रश्न : जाहिरातीवर महारेराचा क्रमांक आहे, क्यूआर कोडही आहे. आणखी काही तपासण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि हे मी कल्याण-डोंबिवलीच्या उदाहरणावरून सांगतो. तेथील ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले. या इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. ज्यांनी नोंदणी क्रमांक पाहून, बँकेकडून कर्ज घेऊन, मुद्रांक शुल्क भरून घरे घेतली होती, अशी शेकडो कुटुंबे त्यात सापडली. त्या कुटुंबांनी सामान्य माणसाने घ्यावी ती सर्व काळजी घेतली होती, हे आठवले की अजूनही अस्वस्थ व्हायला होते.

हा प्रकार उघड झाल्यानंतर परवानग्यांची पडताळणी नियोजन प्राधिकरणाकडून करून घेण्याची व्यवस्था महारेराने आणली, तरीही एक फेरी आपण स्वतः मारावी. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घेऊन नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जा. त्यावरील क्रमांक आणि तारखेचे प्रमाणपत्र खरोखर दिलेले आहे का आणि ते कितव्या मजल्यापर्यंत आहे, हे विचारा. अनेकदा मंजुरी दहा मजल्यांची आणि विक्री अठराव्या मजल्याची चाललेली असते. तोंडी उत्तर टाळले गेले तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. सातबारावर जमीन भोगवटादार वर्ग २ (म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी) अशी नोंदलेली असल्यास हस्तांतराची परवानगी घेतली आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्या. या चकरांना एक-दोन दिवसांची रजा लागते, पण वीस वर्षांच्या हप्त्यांपुढे ती फार मोठी नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीत खाली चौदा गाळे आहेत आणि त्यांपैकी दोन गाळ्यांत आता हॉटेल सुरू झाले आहे. धूर थेट पहिल्या मजल्यावर येतो. शिवाय गाळेधारक म्हणतात की ते उद्वाहन (लिफ्ट) वापरतच नाहीत, मग देखभालीचा खर्च का द्यायचा.

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत. धुराचा प्रश्न तातडीचा आहे. मंजूर आराखड्यात स्वयंपाकघराच्या धुरासाठी गच्चीपर्यंत जाणारी नळी दाखवली आहे का आणि त्या गाळ्याचा वापर काय लिहिला आहे, ते पाहा. दाखवलेली नसेल तर नगरपरिषदेकडे आणि अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करा. महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. तळाला गॅसच्या टाक्या आणि वर नव्वद कुटुंबे असलेल्या इमारतीत ते प्रमाणपत्र कार्यकारिणीने स्वतः वाचले पाहिजे.

देखभालीबाबत, सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार सेवा आकार सर्व सभासदांना सारखाच असतो, मग तो सदनिकाधारक असो वा गाळेधारक. पाण्याचा आकार मात्र नळजोडांच्या प्रमाणात असतो आणि एखाद्या गाळ्यात ठेवलेल्या मालामुळे विम्याचा हप्ता वाढला, तर तो वाढीव भार त्या गाळेधारकानेच सोसायचा असतो. त्यामुळे हॉटेलच्या पाण्याचा खर्च आज सर्वांवर पडत असल्यास तो वेगळा काढून घ्या. तरीही गाळेधारकांना परके मानू नका, असे मला मनापासून सुचवावेसे वाटते. तेही सभासद आहेत आणि सर्वसाधारण सभेत त्यांना मत आहे. शिवाय रात्री अकरापर्यंत उघडे असणारे औषधांचे दुकान जिन्याखाली असणे ही म्हाताऱ्या माणसांसाठी किती मोठी सोय असते, हे अशा इमारतींत राहणारे जाणतात.

प्रश्न : उल्हास नदीच्या बाजूला एका संकुलात ‘नदीचे दृश्य’ म्हणून जादा दर लावला जात आहे. वडील म्हणतात तिकडे घर घेऊ नको. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : वडिलांचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे. २६ जुलै २००५ रोजी या नदीने काय केले, ते त्यांनी पाहिले असावे. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २०२१ मध्येही शहरातील सखल भागांत पाणी शिरले.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा बांधकामास निषिद्ध आहे. निळी आणि लाल रेषा यांच्यामध्ये अटींवर बांधकाम करता येते. म्हणजे ‘सर्व परवानग्या आहेत’ हे विकासकाचे वाक्य खरे असूनही आपली इमारत लाल रेषेच्या आत असू शकते. मंजूर आराखड्यावर या रेषा दाखवलेल्या असतात, त्या पाहून घ्या आणि जोत्याची पातळी लाल रेषेहून किती उंच आहे हे विचारा.

परंतु सदनिका सातव्या मजल्यावर असल्याने आपण सुरक्षित आहोत, हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो. पाणी सातव्या मजल्यावर चढत नाही हे खरे, पण विजेच्या मीटरची खोली, पाण्याचे पंप, जमिनीखालची टाकी, जनित्र आणि उद्वाहनाचा खड्डा हे सर्व तळालाच असते. तेथे तीन फूट पाणी आले की वरची सर्व कुटुंबे वीज आणि पाण्याविना चार-पाच दिवस अडकतात, पुराचे पाणी टाकीत मिसळल्यास पुढचा आठवडा टँकरवर काढावा लागतो आणि तळघरातील वाहने निकामी होतात. म्हणून आराखड्यावर मीटरची खोली आणि जनित्र पोडियमच्या वर आहे की खाली, हे पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. नंतर वडिलांना बरोबर घेऊन त्या जागेच्या आसपास जुन्या घरांत राहणाऱ्या दोन-तीन कुटुंबांना भेटा आणि त्यांच्या भिंतीवर पाणी कुठपर्यंत आले होते ते विचारा. ती खूण बहुतेक घरांत अजून दाखवता येते. तेथून संकुलाच्या जोत्यापर्यंतचा उतार एखाद्या सर्वेक्षकाकडून मोजून घ्या. त्याचे शुल्क ‘नदीच्या दृश्या’साठी मागितलेल्या जादा दरापेक्षा खूपच कमी असेल.